सही कोणाची, ओटीपी कोणाचा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्यात नागझिरा अभयारण्याचे एक गेट आहे, मोठा तलाव आहे आणि सभोवार धानाच्या बांध्या. त्यामुळे इथल्या हिशेबाला तीन तोंडे: धान, मासे आणि पाहुणे. तिन्हींचा कायदा वेगळा, म्हणून हिशेबनीसही एकच असून भागत नाही.

*

धान विकणाऱ्याला सीए लागत नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून मोकळे. आधारभूत केंद्रावर सातबारा, आधार, बँकेचे पासबुक दाखवायचे आणि चुकारा खात्यात यायची वाट बघायची. २०२५-२६ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. त्या पैशावर ‘टॅक्सचे मी बघून घेतो’ म्हणत कोणी फी मागत असेल, तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

*

तालुक्याच्या गावी एकाच पाटीवर पॅनकार्ड, झेरॉक्स, रेल्वे तिकीट, जीएसटी आणि आयटीआर सगळे असते. पाटीवाला वाईटच असतो असे नाही. मास्तरच्या पगाराचे साधे विवरणपत्र तो नीट भरून देतो. अडते ते सहीपाशी. उलाढाल १ कोटीच्या वर गेली की (रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० कोटींच्या वर) आयकराचे ऑडिट लागते, आणि त्या अहवालावर सनदी लेखापालाचीच, म्हणजे सीएचीच, सही चालते. गोंदियाच्या राइस मिलवाल्याला हे पाठ असते. तिरोड्यात नवीन मिल टाकणाऱ्याने ते आधीच विचारून घ्यावे.

*

सही खरी की नुसता शिक्का, हे कळण्याची सोय आहे. २०१९पासून सीएच्या प्रमाणपत्रावर आणि ऑडिट अहवालावर युडीआयएन नावाचा १८ अंकी-अक्षरी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्यत्वाचे, उरलेले दहा यंत्राने दिलेले. कागद हातात आला की मधले सहा आकडे शिक्क्यावरच्या सदस्य क्रमांकाशी ताडून बघायचे. मग सीए संस्थेच्या युडीआयएन पोर्टलवर तो क्रमांक टाकायचा. कागद खरा असेल तर तपशील समोर येतो. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण कर्जाच्या घाईत बहुतेक जण कागद न बघताच फाइलला लावतात.

*

तलाव असलेल्या गावांत मच्छीमारांच्या सहकारी संस्था असतात, आणि त्यांचा मामला निराळा. त्यांना सहकार कायद्याखालचे ऑडिट दरसाल करून घ्यावे लागते, तेही शासनाच्या तालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडून. तो सीएच असला पाहिजे असे नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. पदविका घेतलेला प्रमाणित लेखापरीक्षकही चालतो, आणि संस्थेचे ठरावबुक, सभासद रजिस्टर त्याच्या जास्त सवयीचे असते.

पण ऑडिट झाले म्हणजे आयकर मिटला असे नव्हे. मासेमारी संस्थेच्या उत्पन्नाला आयकरात वजावट आहे, मात्र २०१८च्या दुरुस्तीनंतर मुदतीत विवरणपत्र भरले तरच ती मिळते. अध्यक्ष म्हणतात, ‘आम्हाला टॅक्सच नाही, मग रिटर्न कशाला?’ टॅक्स लागू नये म्हणूनच भरायचे असते, हे त्यांना समजावणारा माणूस हवा.

*

समजा, गेटजवळ दोन खोल्यांचा होमस्टे काढला. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के दर आहे. मोबाइलवरच्या बुकिंग ॲपमधून आलेल्या पाहुण्यांचा जीएसटी, मालकाची नोंदणी नसेल तर, ॲपवाली कंपनीच भरते.

हिशेबनीस निवडताना त्याला एकच विचारून बघावे: या २० लाखांत माझ्या धानाचा पैसा धरायचा का? ‘कोण बघते?’ असे उत्तर आले तर उठावे. कलम काढून दाखवायला लागला तर बसावे.

*

सगळ्यात मोठी फसगत पैशाची नसते, मोबाइल नंबरची असते. आयकराच्या पोर्टलवर खाते उघडताना हिशेबनीस घाईत स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकतो. मग ओटीपी त्याला, परताव्याचा निरोप त्याला आणि नोटीसही त्यालाच. सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला १५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात त्याने दुकान बंद केले किंवा नंबर बदलला की आपल्याला कानोकान खबर नाही. विवरणपत्र कोणीही भरो, प्रोफाइलवर नंबर आपला हवा आणि पासवर्ड आपल्या वहीत.

*

‘जेवढा परतावा येईल त्याचे १० टक्के द्या.’ असे म्हणणाऱ्यापासून लांब राहावे. सीएला विवरणपत्राची फी टक्केवारीने घेता येत नाही, आचारसंहितेत तशी मनाई आहे. टक्केवारीवाला परतावा फुगवण्यासाठी खोटी देणगी, खोटे घरभाडे दाखवतो. जुलै २०२५मध्ये आयकर खात्याने देशभरात अशाच खोट्या वजावटींची तपासणी काढली. दलालाचे नाव विवरणपत्रावर कुठेच नसते, सापडतो तो पगारदार.

*

१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू. १९६१च्या कायद्यातली पाठ केलेली कलमे आता दुसऱ्या क्रमांकांवर गेली. जुना, भरवशाचा हिशेबनीस असला तरी यंदा त्याला विचारावे: नवे वाचले का?

*

हिशेबनीसाकडे केव्हा जावे? जुलैत सीएच्या ऑफिसात रीघ लागते, आणि नेमकी तेव्हाच बांधीत रोवणी. होमस्टेवाल्याला पाहुणे देणारे अभयारण्याचे गेट पावसाळ्यात बंद, पण तोही शेतकरीच, त्याचेही हात चिखलात. कापलेल्या टीडीएसच्या नोंदी साधारण जूनच्या मध्यापर्यंत आयकराच्या २६एएस या उताऱ्यावर दिसू लागतात. तेव्हा १५ जूननंतर, पऱ्हे रोवणीला येण्याआधी, पासबुक भरून घ्यावे, पावत्या महिन्यावार लावाव्यात आणि तिरोड्याची गाडी धरावी.