अमानत कोरडी परत करायची

आमच्या शाळेतल्या मुलांसाठी आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून सहा हॅमॉक घेतले. हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायची नायलॉनची झोळी. सोबत वर ताणायची हलकी ताडपत्री आणि झाडाला गुंडाळायचे रुंद पट्टे. ऑक्टोबरमध्ये दापोलीजवळच्या एका ओळखीच्या आंब्याच्या बागेत मुले एक रात्र राहतात. परतीचा पाऊस बहुतेक वेळा गाठतोच. खरी परीक्षा मुंब्र्याला परतल्यावर असते.

आमच्या मुलांची घरे एका-दोन खोल्यांची. वाळत घालायला जागा कुठे? पण ओले सामान पिशवीत कोंबले तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि पुढच्या खेपेला त्याच झोळीत दुसरे कुणीतरी रात्रभर श्वास घेणार असते. आमच्या एका विद्यार्थिनीला दमा आहे. तिच्यासाठी कुबट वास हा नुसता वास नव्हे.

म्हणून काम बागेतच सुरू होते. झोळीच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधतो. झाडावरून ओघळणारे पाणी तिथेच टपकते. निघताना ताडपत्री सर्वांत शेवटी उतरवायची, म्हणजे तिच्या आडोशाला झोळीची घडी कोरडी होते. ओली ताडपत्री वेगळ्या पिशवीत.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळे उघडायचे. चिखल साध्या पाण्याने धुवायचा, पिळायचे नाही. सावलीतल्या दोरीवर किंवा पंख्याखाली वाळवायचे, कारण कडक ऊन नायलॉनला कमजोर करते. कापड लवकर वाळते. पट्टे आणि शिवणी ओल धरून ठेवतात. शिवण गालाला लावून पाहायची. गार लागली तर अजून एक दिवस. ताडपत्री दमट आणि उबेत पडून राहिली तर तिचा लेप चिकट होऊन सुटतो, मग ती पाणी अडवत नाही. शेवटी सगळे उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल ठेवायचे.

वहीत एक रकाना आहे, ‘कोरडे तपासले’, आणि पुढे सही. अमानत हा शब्द मी उर्दूच्या तासाला शिकवते, पण मुलांना तो कळतो या रकान्यापाशी. गेल्या वर्षी एक मुलगा दोन दिवस उशिरा आला. “मॅडम, घरात दोरी एकच. आधी अम्मीचे कपडे वाळले, मग हे.” मी शिवण गालाला लावली. कोरडी होती. यंदा ती झोळी त्या दम्याच्या मुलीच्या वाट्याला आली. तिने वही उघडून आधीची सही कुणाची आहे ते वाचले, आणि झोळी खांद्याला लावली.