दोन मिनिटांचे उड्डाण

विमानाने जमीन सोडली, प्रवाशाने खिडकीतून खालचा समुद्र पाहिला आणि 'आता जरा टेकून बसावे' असे मनात येते न येते तोच चाके पुन्हा जमिनीला लागली. चहा नाही, सरबत नाही, डुलकी तर नाहीच! जगातले सर्वांत छोटे नियमित विमानउड्डाण हे असे असते.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा द्वीपसमूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधले अंतर अवघे २.७ किलोमीटर. एडिंबरा विमानतळाची धावपट्टीच जवळपास एवढी लांब आहे. वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे धरलेली असतात. वारा पाठीशी असला तर तेवढीही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर एकदा ५३ सेकंदांत कापले होते.

ही सेवा १९६७ मध्ये लोगनएअर कंपनीने सुरू केली. इथले 'आयलँडर' विमान दोन पंख्यांचे आणि आठ प्रवाशांचे. वैमानिकाच्या शेजारची जागाही प्रवाशाला मिळू शकते. आखूड धावपट्टीवर उतरण्यात या विमानाचा हातखंडा आहे.

गंमत नव्हे, गरज

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, असे कोणालाही वाटेल. दोन्ही बेटांमध्ये बोट आहे, ती सुमारे २५ मिनिटांत पोचवते. पण उत्तरेचा हा समुद्र खवळला की बोट किनाऱ्यालाच राहते. शिक्षक, डॉक्टर आणि कामानिमित्त ये-जा करणाऱ्यांना मग विमानाचाच आधार. कर्कवॉल या मुख्य गावातल्या रुग्णालयात जायचे, तरी हीच वाट सर्वांत जवळची.

एकोणिसाव्या शतकात पापा वेस्ट्रेवर तीनशेहून अधिक माणसे राहत होती. २००१ च्या जनगणनेत उरली केवळ ६५. तरुण घरे सोडून गेली की शाळा बंद पडते आणि शाळेमागून गावही. पण २०११ मध्ये हा आकडा ९० वर गेला. रहिवाशांनी सहकारी संस्था काढून दुकान आणि पाहुण्यांसाठी निवास चालवला. त्यांच्या चिकाटीला या चिमुकल्या विमानाची साथ लाभली.

उतरल्यावर काय पाहाल?

पापा वेस्ट्रेच्या किनाऱ्यावर 'नॅप ऑफ हॉवर' हे दगडी घर आहे. इ. स. पूर्व ३७०० च्या सुमारास इथे शेतकरी कुटुंब नांदत होते. म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही हे घर जुने! भिंती अजून उभ्या आहेत, दाराची चौकट शाबूत आहे. बेटाच्या उत्तरेला नॉर्थ हिल हे पक्ष्यांचे राखीव क्षेत्र. उन्हाळ्यात तिथे कुररी पक्षी घरटी करतात आणि जवळ जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात. ऑर्कनीतला शेवटचा 'ग्रेट ऑक' हा न उडणारा पक्षी १८१३ मध्ये याच बेटावर मारला गेला. पुढे ती जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली.

एडिंबरा, ग्लासगो किंवा अॅबर्डीनहून विमानाने कर्कवॉलला जावे आणि तिथून बेटांचे छोटे विमान धरावे. जून महिना उत्तम, कारण तेव्हा रात्र जेमतेम अंधारते. सोबत उबदार कपडे हवेतच. आणि हो, विमानात बसल्यावर वाचायला पुस्तक काढू नका. पान उलटण्याआधी उतरायची वेळ होईल!