पाहुण्यांची दरी

स्कॉटलंडला गेलेली आपली माणसं बहुधा एडिंबरोचा किल्ला पाहून परततात. ग्लासगोला राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण मात्र म्हणाली, "किल्ले महाराष्ट्रात थोडे का आहेत? तुला ग्लेन्को दाखवते."

जूनमधली सकाळ. मैत्रीण, तिची स्कॉटिश शेजारीण आणि मी. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. सुमारे ९० मैलांचा रस्ता. शहर सुटताच लॉख लोमंड लागतं. लॉख म्हणजे तळं; पण हे इतकं लांबलचक, की गाडी कितीतरी वेळ त्याच्या काठाकाठानेच धावते. टिंड्रम गाव मागे पडलं आणि हळूहळू झाडंच संपली. रॅनॉखचा माळ! दलदल, खडक, काळंशार पाणी, आणि मैलोन् मैल घर नाही. मला आपला माळशेज घाट आठवला, पण तिथे निदान कणसांची टपरी तरी असते!

पुढे दरीत उतरलो आणि इतका वेळ बडबडणाऱ्या शेजारीणबाईंचा आवाज खाली आला.

इथे मॅकडोनाल्ड कुळाची वस्ती होती. राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांच्या प्रमुखाला काही दिवस उशीर झाला, एवढं निमित्त पुरलं. फेब्रुवारी १६९२ मध्ये सुमारे १२० शिपाई इथे आले. कॅप्टन होता रॉबर्ट कॅम्पबेल. कडाक्याची थंडी; घरोघरच्या बायकांनी त्यांना जेवू घातलं, चुलीपाशी निजायला जागा दिली. बारा दिवस! आणि १३ तारखेच्या पहाटे पाहुण्यांनीच यजमानांवर शस्त्र धरलं. सुमारे ३८ जण मारले गेले; बायकापोरं बर्फात पळाली, त्यांतली कित्येक गारठून गेली. प्रमुखाच्या बायकोच्या बोटांतल्या अंगठ्या दातांनी ओढून काढल्या, असं सांगतात. तिच्याच हातचं जेवले असतील ना हो ते? स्कॉटलंडच्या कायद्यात असा विश्वासघाताचा खून साध्या खुनाहून घोर मानला जाई.

गावात १८८३ साली उभारलेला स्मारकाचा क्रूस आहे. तो पाहून चहाची तल्लफ आली, म्हणून दरीतल्या एका जुन्या खानावळीपाशी थांबलो. दारावर पाटी : फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना मज्जाव! पाटी गमतीचीच आहे, सगळेच हसतात. शेजारीणबाईही हसल्या.

"माझ्या आईचं माहेर कॅम्पबेल," त्या म्हणाल्या. "हुकमावर सही राजाची, शिपायांतले बहुतेक कॅम्पबेल नव्हतेच. नाव मात्र आमचं झालं."

आत जावं की नाही, काही कळेना. शेवटी मैत्रिणीने गाडीतच डबा उघडला. शेजारीणबाईंनी पुऱ्या दोनदा मागून घेतल्या.