विद्यापीठाचें अंगण

घर पाहावें बांधून, असें आपण म्हणतों. परंतु बांधलेलें घर वाढवून पाहणें हें त्याहूनहि अवघड होय. आमचें खापा हें कन्हानच्या कांठीं उंचावर वसलेलें विणकरांचें जुनें गांव. येथील वाड्यांत नवी सून आली कीं एक खोली निघे, भाऊ वेगळा झाला कीं एक भिंत उठे. आणि पाहतां पाहतां अंगण नाहींसें होई. प्रत्येक खोलीला त्या वेळीं सबळ कारण असे. पुढच्या पिढीची आठवण मात्र कोणासच होत नसे.

वाढत्या विद्यापीठाचेंहि असेंच आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. पुढें कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें ठेवलेल्या सुमारें ३५ लक्ष रुपयांतून १९४२ सालीं त्यांच्या नांवाची तंत्रशास्त्र-संस्था निघाली. कुटुंब वाढलें, तसें विभक्तहि झालें. १९४६ त सागर, १९८३ त अमरावती, २०११ त गडचिरोली येथें निराळीं विद्यापीठें झालीं. २०२३ त लक्ष्मीनारायण संस्थाहि स्वतंत्र विद्यापीठ बनली. इतकें होऊनहि विद्यार्थ्यांची रीघ कमी झाली नाहीं. आणि इमारती मात्र सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, अमरावती रस्ता अशा विखुरलेल्या राहिल्या.

याची झळ कोणास लागते, हें मला आमच्या नातीमुळें कळलें. खाप्याहून नागपूर अकरा कोस. एका आवारांतून दुसऱ्या आवारांत जाण्यांत तिचा दिवस मोडतो. ग्रंथालयांत मन रमूं लागतें तोंच परतीच्या एस्. टी. ची वेळ होते. दिवेलागणीनंतर तिची आजी दाराशींच बसून असते. वसतिगृहांत जागा मिळती, तर तिचें शिक्षण निर्वेध झालें असतें. शेजारच्या एका घरीं तर याच कारणानें मुलीचें शिकणें थांबविण्याचा विचार चालला आहे. नकाशांतील एका रेघेवर असें एखाद्या मुलीचें आयुष्य अवलंबून असतें.

म्हणून दीर्घ मुदतीच्या आराखड्यास मी फार महत्त्व देतों. १९१९ त मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस हे त्यापूर्वीं आपल्या देशांतील शहरें पायीं हिंडले होते. इंदूरसंबंधींच्या १९१८ च्या अहवालांत त्यांनीं नगररचनेबरोबर विद्यापीठाचाहि विचार केला. आधीं भूमि नीट पाहावी, मग रेघ ओढावी. जुनें सरसकट पाडूं नये, नेमकें तेवढेंच हलकेच काढावें, ही त्यांची शिकवण. आवाराच्या बाबतींत तिचा अर्थ असा कीं, पावसाचें पाणी कोठून वाहतें, सावली कोठें आहे, विद्यार्थी कोणत्या पायवाटेनें जातात, हें प्रथम पाहावें. एका तासाहून दुसऱ्या तासास पायीं पोहोंचतां यावें इतक्या अंतरावर वर्ग असावेत. जलवाहिन्या व गटारें यांची वाट आधींच राखून ठेवावी. नाहीं तर प्रत्येक नव्या इमारतीसाठीं जुना रस्ता खणावा लागतो.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यान्वयें नवीं महाविद्यालयें कोठें असावींत याचा पंचवार्षिक बृहत् आराखडा करावा लागतो. हें ठीकच आहे. परंतु पांच वर्षांत वड सावली धरीत नाहीं. आवाराचा विचार निदान तीस-चाळीस वर्षांचा हवा, आणि ठराविक काळानें तो पुन्हा तपासलाहि पाहिजे. पुढें कोणतीं शास्त्रें निघतील हें आज कोण सांगणार? म्हणूनच कोठें बांधावयाचें यापेक्षां कोठें कधींहि बांधावयाचें नाहीं, हें प्रथम ठरवावें. मोकळी राखलेली जागा म्हणजे वायां गेलेली जागा नव्हे. ती पुढील पिढीची ठेव होय.

अशा योजनेच्या बैठकींत अभियंते असतात, अधिकारी असतात. जी मुलगी अद्यापि शाळेंत आहे, ती तेथें नसते. तिच्या वतीनें बोलणारें कोणीतरी तेथें असावें, आणि नकाशावर पहिली खूण तिच्या निवाऱ्याची व्हावी, एवढेंच माझें मागणें आहे.