काशीदला पोचायला एकतीस वर्षं

आधी एक कबुली देतो आणि मगच गोष्ट सांगतो.

शाळेत असताना मी एक निबंध लिहिला होता. विषय होता ‘माझा अविस्मरणीय प्रवास’. अलिबागहून काशीदपर्यंत मी सायकलवरून कसा गेलो, याचं त्यात अगदी रसभरीत वर्णन होतं. बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला आणि वहीवर ‘उत्तम’ असा शेरा दिला. त्या निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. चूक एकच होती. मी काशीदला गेलोच नव्हतो!

त्याचं असं झालं. १९९२ सालची दिवाळीची सुट्टी. मी आठवीत होतो. आमचं घर अलिबागला. माझ्या जिवलग मित्राच्या डोक्यात आलं, की आपण सायकलवरून काशीदला जायचं. अलिबागपासून काशीद साधारण तीस किलोमीटर. त्याच्याकडे त्याच्या मोठ्या भावाची जुनी सायकल होती. मी दिवसभरासाठी भाड्याची सायकल आणली. घरून परवानगी मिळाली, आईनं चिवड्याची पुडी बांधून दिली आणि सकाळी नऊ वाजता, म्हणजे ऊन चांगलं वर आल्यावर, आमची स्वारी निघाली.

निघालो ते शर्यत लावूनच! आक्षी गेलं, नागाव गेलं. कोण पुढे, कोण मागे, एवढंच चाललं होतं. भाड्याच्या सायकलची सीट इतकी खाली, की गुडघे पोटाला लागत होते. पाण्याची एकच बाटली होती, ती नागावलाच संपली. खायला काय, तर चिवडा. तो खाल्ल्यावर तहान आणखी वाढली. रेवदंड्याला पोचेपर्यंत माझ्या पोटरीत गोळा आला होता. मी सायकल आडवी टाकली आणि एका कट्ट्यावर बसकण मारली.

“थोडा वेळ बसू, मग हळूहळू जाऊ. निम्म्याहून जास्त आलोय,” मित्र म्हणाला.

“मला नाही यायचं,” मी म्हणालो.

तो एकटा सहज पुढे गेला असता. पण तो माझ्याबरोबर मागे फिरला. एवढ्या लवकर घरी गेलो तर सगळे हसतील, म्हणून आम्ही नागावच्या किनाऱ्यावर वेळ काढत बसलो. तिथेच मी त्याला म्हणालो, “घरी सांगू, काशीदला जाऊन आलो.” तो बराच वेळ वाळूत रेघोट्या ओढत राहिला. मग म्हणाला, “सांग तू.”

आणि मी सांगितलं. आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि नववीत गेल्यावर तो निबंध लिहिला. ‘पायांखाली साखरेसारखी शुभ्र वाळू पसरली होती’ असं मी त्यात लिहिलं होतं. हे वाक्य मी शेजारच्या काकांच्या बोलण्यातून उचललं होतं. निबंध वाचला जात होता तेव्हा मित्र माझ्याच बाकावर बसला होता. तास संपल्यावर तो म्हणाला, “चांगला लिहिलायस,” आणि पाणी प्यायला निघून गेला. त्यानंतर तो विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या गोष्टीचं आज काय? सांगतो.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही पुण्याहून अलिबागला आईकडे गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. आजीची ट्रंक उपसताना तिला माझी निबंधाची वही सापडली. ती धावतच आली. “बाबा, तू माझ्याएवढा असताना काशीदला गेला होतास? गिअर नसलेल्या सायकलवरून?”

आजी तिथेच वाती वळत बसली होती. “भाड्याच्या सायकलवरून!” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. खरं बोलायची ती केवढी छान संधी होती! पण मी नुसता हसलो.

झालं! मुलीनं जाहीर केलं, की आपण दोघांनी सायकलवरून काशीदला जायचं. तिच्या खोलीत वेदांगी कुलकर्णीचा फोटो आहे. पुण्याच्या या मुलीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारली. तिच्यापुढे आमचे तीस किलोमीटर म्हणजे किस झाडकी पत्ती! पण मी सायकल सोडून वीस-बावीस वर्षं झाली होती. एक जुनी गिअरची सायकल विकत घेतली आणि दोन महिने सराव करायचा ठरवला.

पहिल्या रविवारी सहा किलोमीटर. चौथ्याच किलोमीटरला मी ‘फोन आलाय’ असं सांगून थांबलो. फोनबिन काही आला नव्हता, दम लागला होता. म्हणजे खोटेपणाची जुनी सवय काही सुटली नव्हती! पण हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. सायकल दुरुस्त करणाऱ्या दादांनी सीट वर घेऊन दिली. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे, तरच पायांची ताकद पुरते आणि गुडघे दुखत नाहीत. गिअर चढ लागण्याआधी हलका करायचा, चढाच्या मध्यावर नाही. तहान लागायच्या आधी दोन दोन घोट पाणी प्यायचं. भूक लागायच्या आधी केळं, चिक्की, तिळाची वडी असं काहीतरी तोंडात टाकायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोलता बोलता चालवता येईल एवढाच वेग ठेवायचा. धाप लागून बोलणं बंद झालं, की समजावं आपण शर्यत लावलीय. दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवलं. सहाचे दहा झाले, दहाचे अठरा, मग पंचवीस.

मुलगीही दमायची. पण एका शब्दानं बोलायची नाही. मला वाटायचं, वा, काय चिवट पोर आहे!

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी, जानेवारी २०२४ मध्ये, उजाडता उजाडता आम्ही अलिबागहून निघालो. डोक्यावर हेल्मेट, दोन दोन बाटल्या पाणी, पंक्चरचं सामान आणि आजीनं दिलेले तिळगुळाचे लाडू. लवकर निघण्यामागे भूगोल होता! तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला असालच. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. दुपारी जमीन तापली, की समुद्रावरून जोरात खारे वारे सुटतात आणि सायकलवाल्याचा जीव काढतात. म्हणून सकाळी जायचं, रात्री तिथेच राहायचं आणि परत यायचं तेही दुसऱ्या दिवशी सकाळीच, असा बेत होता.

आक्षीला थांबून शिलालेख पाहिला. त्यावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ सालचा उल्लेख आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक म्हणून तो ओळखला जातो. पुढे नागाव आणि चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. रस्ता अरुंद आणि गाड्यांची वर्दळ, म्हणून आम्ही डाव्या कडेनं एकामागे एक जात होतो. जुन्या तटबंदीतून रस्ता रेवदंड्यात शिरला आणि माझ्या पोटात गोळा आला. या वेळी पोटरीत नव्हे, पोटात!

रेवदंड्याला एका परदेशी प्रवाशाचं स्मारक आहे. अफनासी निकितिन त्याचं नाव. त्वेर नावाच्या रशियन शहरातला हा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि त्यानं आपल्या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलं. मी ही माहिती मुलीला मोठ्या ऐटीत सांगितली. ती लाडू खात म्हणाली, “पण बाबा, तो खरंच आला होता कशावरून? नुसतं लिहिलं असेल तर?”

त्या बिचाऱ्यानं काही ऐकीव गोष्टीही लिहिल्या आहेत, पण तो आला मात्र खरंच होता. न जाता लिहिणारा दुसराच होता आणि तो तिच्यासमोर उभा होता! यापुढे गप्प राहणं मला जमेना. तिथेच रस्त्याच्या कडेला मी तिला सगळं सांगितलं. कट्टा, चिवडा, नागावचा किनारा, निबंध, सगळं.

मला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. तिनं हातातला अर्धा लाडू परत डब्यात ठेवला.

“बाबा, सरावात माझे पाय इतके दुखायचे,” ती म्हणाली, “पण मला वाटायचं, बाबा माझ्याएवढा असताना साध्या सायकलवरून गेला, मग मलाच का जमत नाही? माझ्यातच काहीतरी कमी आहे. म्हणून मी बोलायचेच नाही.”

तुम्हांला सांगतो मित्रांनो, त्या दिवशीचा एकही चढ मला या वाक्याएवढा जड गेला नाही. माझी एकतीस वर्षांपूर्वीची थाप मला निरुपद्रवी वाटत होती. आणि इथे माझी मुलगी दोन महिने एका न झालेल्या प्रवासाशी स्वतःची तुलना करत होती! मी ‘चुकलो’ म्हणालो. त्याहून जास्त म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

थोड्या वेळानं तिनं हेल्मेटचा पट्टा लावला. “पुढे जायचं. पण आता एक नियम. दमलं, की ‘दमलो’ म्हणायचं. परत फिरावंसं वाटलं, तर तेही सांगायचं. चालेल?”

“चालेल!”

मग कुंडलिकेच्या खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडला. पलीकडे साळाव. माझ्यासाठी इथून पुढचा सगळा मुलूख सायकलवरून नवाच होता. पुढे कोर्लई. इथल्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, तरी गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली अजून बोलली जाते. रस्ता कधी समुद्राला खेटून जायचा, तर कधी चढावर न्यायचा. अशाच एका चढावर मी मोठ्यांदा ओरडलो, “दमलो!” मागून लगेच आवाज आला, “मी पण!” आम्ही दोघं खाली उतरलो, सायकली हातात धरल्या आणि चक्क चालत तो चढ चढलो. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या मुलांनी आम्हांला हसून हात केला. आम्हीही हात केला.

चालता चालता मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ही शंभर टक्के खरी आहे. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये ती पूर्ण केली. “आणि बाकीचे तिघं?” तिनं विचारलं. “त्यांची प्रदक्षिणा पूर्ण झाली नाही.” ती म्हणाली, “पण तेही निघाले तर होतेच ना!”

शेवटचा उतार उतरलो आणि समोर काशीदचा किनारा! जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानं इथली पुष्कळ सुरूची झाडं पाडली, त्यामुळे जुन्या फोटोंतल्यासारखी दाट सावली दिसली नाही. पण किनारा मात्र लांबच लांब, मोकळा. मुलीनं ओंजळभर वाळू उचलून नीट पाहिली आणि निकाल दिला, “साखर नाहीये बाबा. रवा आहे. किंचित भाजलेला.”

पाण्यात आम्ही घोट्यापर्यंतच गेलो. काशीदचा समुद्र दिसायला शांत असला, तरी फसवा आहे. तिथे पुढे जायचं धाडस कोणीच करू नये.

मी मित्राला फोन लावला. तो आता नाशिकला असतो. म्हटलं, “मी आत्ता काशीदला आहे. सायकलवरून आलोय.” पलीकडे क्षणभर शांतता. मग तो असा हसला, की फोन कानापासून लांब धरावा लागला. “अरे, रेवदंड्यापासून काशीद तेरा-चौदा किलोमीटर, आणि तुला एकतीस वर्षं लागली की रे!” हसणं थांबल्यावर तो हळूच म्हणाला, “तेव्हा मला जायचं होतं रे पुढे.” मी म्हटलं, “माहीत होतं मला.” येत्या हिवाळ्यात तो अलिबागला येणार आहे, सायकल घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आम्ही घरी परतलो. आई पायरीवर बसली होती. मी तिलाही सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या चपलांना नागावची काळी वाळू लागली होती.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू सांगशील, म्हणून वाट बघितली,” आई म्हणाली आणि आमच्यासाठी गरम पाणी काढायला आत गेली.

मुलीनं माझी जुनी वही आणून दिली. मी ‘साखरेसारखी शुभ्र’ हे शब्द खोडले आणि त्यावर ‘किंचित भाजलेल्या रव्यासारखी’ असं लिहिलं. तिनं वाचून पाहिलं आणि म्हणाली, “एवढ्यानं नाही भागणार. सगळा निबंध परत लिही.”

तो हा लिहिला आहे. शेरा अजून मिळायचा आहे.