चेहऱ्याएवढा पडदा

माणसाचा केवळ चेहरा पडदाभर दाखवणाऱ्या प्रतिमेला ‘क्लोज-अप’ म्हणतात आणि तिचे बळ तिच्या आकारात असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु रूबेन मामुलियन यांचा ‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) मे महिन्यातल्या वर्ध्यात, कूलरच्या घरघरीत निम्मे संवाद बुडालेले असताना, तळहातावरच्या फोनवर पाहिला तरी त्याचा शेवट जागचे हलू देत नाही. सिंहासन सोडलेली, प्रियकर गमावलेली राणी जहाजाच्या नाळेशी उभी राहते, कॅमेरा संथपणे तिच्याकडे सरकत जातो आणि ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यावर काहीही घडत नाही. मन आणि चेहरा दोन्ही कोरे ठेव, जमल्यास पापणीही हलवू नकोस, अशी दिग्दर्शकाची सूचना होती. रोलाँ बार्थ यांनी या चेहऱ्यावर निबंध लिहिला, तो वाचनीयच आहे. चित्रपटातील दरबारी कारस्थाने मात्र, सरायीतील खोलीत राणी एकेका वस्तूला हात लावत फिरते तो प्रसंग वगळता, खुशाल पुढे ढकलावीत.

याच गार्बोला पत्रे लिहिणारा एक तरुण याच जिल्ह्यातला होता. मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला; पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागला. तरुणपणी ते ‘पिक्चरगोअर’ या नियतकालिकासाठी चित्रपटांची परीक्षणे लिहीत आणि गार्बो व नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या दोन नामांकित अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत सापडते. ही नोंद जिथे येते ती जागा मोठी मासलेवाईक असते. जमीनदार घराणे, चौदाव्या वर्षी हाती आलेली बंदूक, बिबट्याच्या कातड्याने मढवलेल्या आसनांची सिंगर मोटार आणि त्याच ओळीत सिनेमा, म्हणजे पुढे ज्यांचा त्याग करायचा अशा चैनींच्या यादीत त्याचाही समावेश. बंदूक आणि मोटार यांबद्दल वाद नाही, सिनेमा मात्र त्या यादीत अकारण अडकला आहे. परीक्षण लिहिणारा माणूस सुखासाठी पाहतो हे खरे. परंतु घरी परतल्यावर, पडद्यावर नेमके काय दिसले, हे त्याला शब्दांत मांडावे लागते आणि त्यासाठी नजर लवकर वळवून चालत नाही.

वरोऱ्यात मैला वाहून नेण्याचे काम अंगावर घेतलेल्या याच माणसाला पावसात पडलेला तुळशीराम दिसला. महारोग शेवटच्या टप्प्यात होता, बोटे झडली होती, जखमांत किडे होते. आणि ज्यांना गांधीजींनी ‘अभयसाधक’ हे नाव दिले होते, ते आमटे तेथून पळाले. पळाले, ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. मग ते परतले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. गार्बोचे चित्रपट पाहिल्यामुळे ते परतले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तरीही भीती नेमकी कशाची वाटली, याची त्यांनी स्वतःशी केलेली चिकित्सा वाचताना, या नजरेला कुठे तरी आधी सराव झाला असावा, असा संशय राहतोच.

वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाचे सिनेमाशी सख्य नव्हते. गांधीजींनी १९४४ मध्ये जुहूला विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला, एवढीच हिंदी चित्रसृष्टीची पुंजी. आणि ती मिरवण्यात चित्रसृष्टीने कधी कसर केली नाही. कॅमेरा मात्र आश्रमात होता. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून आश्रमवासी कनू गांधींनी रोलायफ्लेक्स घेतला, तेव्हा बापूंच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, बापू छायाचित्रासाठी म्हणून बसणार नाहीत, आणि खर्च आश्रम देणार नाही. चित्रपटशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेने पहिल्या वर्षी हीच नियमावली लावून पाहावी. महारोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना मालिश करणाऱ्या गांधीजींचे जे छायाचित्र सर्वपरिचित आहे, त्यात दोघांपैकी कुणाचेही कॅमेऱ्याकडे लक्ष नाही.

लक्ष देणे आणि न्याहाळणे यांतला फरक जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने (चित्रपटगृहांत मार्च २०२५) थिएटरात बसून पाहणाऱ्याला चांगलाच जाणवून दिला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात घडणाऱ्या या चित्रपटात सविताला पाहायला मंडळी येतात, ती स्टुलावर बसते, नाव, शिक्षण, उंची सांगते, मंडळी उठून जातात आणि काही दिवसांनी दुसरी येतात. प्रारंभीच्या स्वप्नात हाच कार्यक्रम उलटा होतो: बायका बसलेल्या, प्रश्न मुलाला. नंदिनी चिकटे या नवख्या अभिनेत्रीचा चेहरा कोरा नाही, तो आवरलेला आहे. आणि पडद्यावरची बोली हशा पिकवण्यासाठी आणलेली नसल्यामुळे विदर्भातल्या प्रेक्षकाला प्रथम थोडे चुकल्यासारखेच होते. कापसाच्या भावाची गोष्ट यात कुठेही उपदेशासारखी सांगितलेली नाही, हे विशेष. असे चित्रपट फोनवर पाहू नयेत. मंडळींच्या प्रश्नांवर थिएटरात कुणीतरी ओळखीचे हसते, तेवढ्यासाठी तिकीट काढावे.

राहिली नॉर्मा शिअरर. आमट्यांच्या कुष्ठसेवेला परदेशातून मदत पाठवणाऱ्या पहिल्या काही दात्यांत तिचे नाव घेतले जाते, त्यामुळे तिच्याबद्दल आदर बाळगूनच जॉर्ज क्यूकर यांचा ‘द विमेन’ (१९३९) लावावा. ‘स्थळ’मध्ये माजघरातल्या बायका ऐकत असतात आणि ओसरीवर पुरुष बोलतात, तर ‘द विमेन’मध्ये शंभराहून अधिक भूमिका असून पडद्यावर एकही पुरुष येत नाही, बोलणे मात्र सारे पुरुषांविषयीच चालते. नवऱ्याने फसवलेली सोशिक पत्नी शिअररच्या वाट्याला आलेली आहे आणि तिच्या डोळ्यांत वेळेवर पाणीही येते; पण लावालावी करत सबंध चित्रपटभर धुमाकूळ घालणारी रोझलिंड रसेल पडद्यावर आली की दात्रीबाईंकडे कुणाचेही लक्ष राहत नाही.