तलवारीला जोडीदार हवा!

बालमित्रांनो, तलवार किती जड असते, सांगा पाहू? आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर कोणी म्हणालं दहा किलो, कोणी म्हणालं वीस! पण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी युरोपात दोन्ही हातांनी धरायची जी लांब तलवार होती, तिचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो. तुमचं दप्तर याहून जड असेल, बरं का!

मी मैंदर्गीला प्राथमिक शाळेत शिकवते. तुम्ही म्हणाल, बाईंना युरोपची तलवार कुठं भेटली? तर तिची वाट आपल्याकडूनच जाते. जवळच अक्कलकोटला भोसले संस्थानिकांच्या राजवाड्यात शस्त्रसंग्रहालय आहे. तिथं मुलांना सहलीला नेलं, की मी त्यांना ‘फिरंग’ हा शब्द सांगते. फिरंग म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार. पातं युरोपात घडलेलं, जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरलेलं आणि मूठ इथल्या कारागिराने बसवलेली. फिरंग्यांकडून आली म्हणून फिरंग! मराठ्यांच्या हातात ती चांगलीच रुळली. मग मला वाटलं, हे पातं जिथं घडलं, तिथले लोक ते कसे फिरवत असतील?

याचं उत्तर जुन्या पोथ्यांत आहे. इंग्लंडमध्ये लीड्स शहरातल्या शस्त्रसंग्रहालयात सुमारे सातशे वर्षांपूर्वीची एक सचित्र पोथी आहे. तलवारबाजीवरच्या युरोपातल्या ज्या पोथ्या आज शिल्लक आहेत, त्यांत ती सर्वांत जुनी. तिच्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतो. सात पवित्रे सांगितले आहेत. आणि शेवटी शेवटी शिष्याच्या जागी चक्क एक बाई हातात तलवार घेऊन उभी राहते! तिचं नाव वालपुर्गिस. मला तर ती फारच आवडली. गेल्या तीसेक वर्षांत युरोपातल्या हौशी मंडळींनी अशा पोथ्यांवरून ही विसरलेली विद्या पुन्हा उभी केली आहे.

मीही सुरुवात केली. बांबूची काठी, घराची गच्ची आणि पहाटेची वेळ. उजव्या खांद्यावरून तिरका वार, मग डाव्या. वाराबरोबर पाऊल पुढं पडलं पाहिजे. दोन महिने हेच. शेजारच्या काकू विचारायच्या, “बाई, गच्चीवर माकडं येतात का हो रोज?”

पण एकट्याने पुढं जाता येईना. त्या पोथीतली चित्रं बघा, जवळजवळ प्रत्येक चित्रात दोघं आहेत. जुने जर्मन उस्ताद सांगत, की पात्याला पातं भिडलं की समोरच्याचा जोर हाताने ओळखा. त्याने जोर लावला तर वाट द्या, तो सैल पडला तर पुढं घुसा. आता हा जोर हवेत कसा कळणार?

म्हणून मी जोडीदार शोधू लागले. गावातली दोन कॉलेजची पोरं आली. ती जिंकायलाच आलेली! दणादण काठ्या हाणल्या, माझी बोटं सुजवली आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून गेली. मग एक गुरुजी आले. ते वार करायचे, पण काठी मुद्दाम माझ्यापासून हातभर लांबून न्यायचे. म्हणायचे, “तुमच्यावर कसा वार करू, बाई?” त्यांचा हेतू चांगला होता. पण जो वार मला लागणारच नव्हता, तो अडवून मी काय शिकणार? मला फार वाईट वाटलं. हातात काठी असूनही मी त्यांच्या लेखी खेळाडू नव्हतेच.

शेवटी आमच्या गल्लीतले अण्णा भेटले. सत्तरीचे. तरुणपणी मिरवणुकीत लाठी आणि दांडपट्टा फिरवायचे. (२०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा अण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते!) मी पोथीतली चित्रं दाखवली. चष्मा पुसत म्हणाले, “पवित्रा आपल्यासारखाच की! उभ्या राहा बाई, मारतो.”

आणि खरंच मारलं! काठी सरळ खांद्यावर आली आणि चार बोटं अलीकडे थांबली. “वार खरा करायचा, हात राखायचा,” अण्णा म्हणाले. “खोटा वार केला तर समोरचा शिकत नाही. हात राखला नाही तर उद्या तो येत नाही.”

मित्रांनो, जोडीदार कसा असावा, ते मला त्या दिवशी कळलं. आता शनिवारी दुपारी आम्ही पाचजण जमतो. त्यांत दोघी माझ्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत. नियम तीनच. काठीला स्पंज गुंडाळायचा आणि जाळीचा मुखवटा, हातमोजे घातल्याशिवाय समोरासमोर यायचं नाही. कोणीही ‘थांब’ म्हटलं, की त्याच क्षणी थांबायचं. आणि वार लागला, की ज्याला लागला त्यानेच हात वर करून सांगायचं. हा तिसरा नियम सगळ्यांत अवघड, करून बघा!

तुम्हाला शिकायचं असेल, तर घरी सांगून, मोठ्यांच्या देखरेखीखालीच सुरुवात करा. धारेचं शस्त्र हातात घ्यायचं नाही. तलवारबाजी हा शालेय स्पर्धांतलाही खेळ आहे, तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करता येईल. चेन्नईच्या भवानी देवीने पहिला सराव बांबूच्या काठ्यांनीच केला होता. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज!

आणि आईबाबांनो, मुलीने काठी मागितली तर हसू नका. तिच्यासमोर उभे राहा आणि वार खरा करा.